पायपीट आणि व्यायाम

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी मनाच्या स्वास्थ्यासाठी व्यायाम करावा, असे म्हटले की वॉर्डातून येणारे पहिले उत्तर ठरलेले असते: आठ तास पायांवरच असतो, आणखी कसला व्यायाम? या उत्तरात अतिशयोक्ती नसते. चाळीस खाटांच्या जनरल वॉर्डात कितीतरी वेळा त्याहून जास्त रुग्ण असतात, काही जमिनीवर गादी टाकून. सकाळपाळीची सिस्टर ओव्हर घेते तेव्हापासून पुढच्या पाळीला ओव्हर देईपर्यंत तिला निवांत बसायला मिळत नाही. सलाइन बदलायचे, इंजेक्शने द्यायची, राउंडला केसपेपर घेऊन खाटेखाटेशी उभे राहायचे, इंडेंटचे सामान आले का ते पाहायचे, ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाची तयारी करायची. वॉर्डबॉय आणि मावशी यांची पायपीट तर याहून अधिक. ट्रॉली ढकलत एक्स-रे, तिथून सोनोग्राफी, तिथून पुन्हा वॉर्ड. घरी पोचेपर्यंत पोटऱ्या भरून येतात, टाचा ठणकतात. एवढे श्रम करणाऱ्याला वर व्यायाम सांगणे अन्यायाचे वाटते. पण हे श्रम शरीराला दमवतात आणि मनाला फारसे काही देत नाहीत, हे आता संशोधनातून बरेच स्पष्ट झाले आहे.

कामातली हालचाल हाच पुरेसा व्यायाम, या समजुतीला एकेकाळी शास्त्राचा आधार होता. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात दिसले. व्यायामशास्त्रातला हा पायाभूत अभ्यास आहे. मात्र पुढे मोठ्या लोकसंख्येवर पाहण्या झाल्या तेव्हा चित्र बदलले. कोपनहेगनमधील १,०४,०४६ प्रौढांची माहिती सुमारे दहा वर्षे गोळा करून २०२१ मध्ये जे निष्कर्ष मांडले गेले, त्यांत फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी, तर कामावर जड हालचाल करणाऱ्यांना तो अधिक आढळला. मनाच्या बाबतीतही हीच विभागणी दिसते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात फावल्या वेळातील हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्वास्थ्याशी जुळला. कामावरच्या हालचालीचा जुळला तो मानसिक तक्रारींशी.

असे का व्हावे, हे वॉर्डात काम केलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथले चालणे सलग नसते. वीस पावले टाकली की कोणीतरी हाक मारते. नाडीचा वेग तासन्‌तास थोडासा चढलेला राहतो. हृदय आणि फुफ्फुसे बळकट व्हावीत इतका तो चढत नाही, आणि विश्रांती मिळावी इतका उतरतही नाही. रुग्णाला खाटेवरून ट्रॉलीवर घेताना कमरेतून वाकून, अंग पिळून वजन उचलावे लागते, तेही घाईत आणि बहुतेकदा हाताशी पुरेशी माणसे नसताना. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या हालचालीवर करणाऱ्याचा ताबा नसतो. कधी थांबायचे, कधी पाणी प्यायचे हेसुद्धा वॉर्ड ठरवतो. स्वच्छतागृह लांब म्हणून ड्यूटीत पाणीच कमी पिणाऱ्या परिचारिका कोणत्याही सरकारी रुग्णालयात भेटतील. व्यायामातला श्रम माणूस स्वतः निवडतो, वाढवतो आणि थांबवतो. मनाला जो हलकेपणा येतो त्यात या निवडीचा वाटा मोठा असतो.

रुग्णालयात मनावर काय साचते, तेही नीट पाहायला हवे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजार-वर्गीकरणात बर्नआउटची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आणि तिची तीन अंगे सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही जाणीव. वॉर्डाच्या भाषेत यांची रूपे ओळखीची आहेत. सुट्टीनंतरही थकवा उतरत नाही. पूर्वी नावाने बोलावलेला रुग्ण आता ‘बेड नंबर बारा’ होतो. इंजेक्शन दिले की नाही, डोस बरोबर होता ना, हे घरी गेल्यावर पुन्हापुन्हा आठवते. त्यात भर पडते ती नातेवाइकांच्या रागाची. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तरी कॅज्युअल्टीत रात्री गर्दी जमली की पोटात गोळा येतोच. आणखी एक ओझे असते, ज्याविषयी फारसे बोलले जात नाही. या रुग्णाला आयसीयूत हलवायला हवे हे ठाऊक असते, पण खाट नसते. खाट मिळेपर्यंत उशीर होतो. योग्य काय ते कळूनही करता न येण्याच्या या यातनेकडे अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्येच्या नीतिशास्त्रावर लिहिताना लक्ष वेधले होते. व्यायामाने खाट मिळत नाही. पण त्या रात्रीनंतर झोप लागणे, विचारांचे चक्र काही काळ थांबणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माणूस म्हणून रुग्णासमोर उभे राहता येणे, यांत त्याची मदत होते.

ही मदत किती, याचे पुरावे बऱ्यापैकी भक्कम आहेत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल आणि सहकाऱ्यांनी नैराश्याचे निदान झालेल्या, पन्नाशीपुढच्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे औषध, तिसऱ्याला दोन्ही. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सोळा आठवड्यांअखेर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाचा गुण मात्र लवकर आला. २०२४ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या, २१८ चाचण्या एकत्र करणाऱ्या विश्लेषणात चालणे-जॉगिंग, योग आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम नैराश्यावर उपयुक्त ठरले. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने अधिक दिलासा देणारी पाहणी नॉर्वेची आहे. तिथे ३३,९०८ प्रौढांचा अकरा वर्षे मागोवा घेतला गेला. आठवड्याला एकूण एक तास व्यायाम सर्वांनी केला असता तर पुढे उद्भवलेल्या नैराश्यापैकी १२ टक्के टळले असते, असा हिशेब त्यातून निघाला. व्यायाम जोराचा की हलका, याने मोठा फरक पडला नाही. चिंताविकार मात्र त्याने टळताना दिसला नाही, आणि ही मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी.

शरीरात नेमके काय घडते याचे एकच उत्तर नाही. व्यायामाने एंडॉर्फिन वाढून मन प्रसन्न होते ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. धावल्यावर येणाऱ्या प्रसन्नतेत शरीर स्वतः तयार करते त्या कॅनाबिनॉइड द्रव्यांचा भाग अधिक असावा, असे अलीकडचे संशोधन सुचवते. मेंदूतील पेशींच्या वाढीला पोषक प्रथिने वाढतात, ताणाला प्रतिसाद देणारी संप्रेरकांची यंत्रणा प्रत्येक धक्क्याने तितकीशी उसळत नाही, झोप गाढ होते. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी यातला झोपेचा लाभच बहुधा सर्वांत मोलाचा आहे.

आरोग्यसेवकांवरच केलेली एक महत्त्वाची चाचणी कॅनडातील व्हँकूव्हरची. कोविडची लाट ओसरत असताना तिथल्या एका रुग्णालय-समूहातील २८८ कर्मचारी तिच्यात सहभागी झाले. निम्म्यांना मोबाइल ॲपवरून घरच्या घरी आठवड्याला ८० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगितले, म्हणजे साधारण वीस-वीस मिनिटे चार वेळा. उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवले. बारा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्या गटात नैराश्याची लक्षणे कमी होती, भावनिक थकवा आणि कडवटपणा कमी होता, आजारपणाच्या रजाही कमी पडल्या होत्या. लाभ लहान ते मध्यम आकाराचा, पण खरा. या चाचणीतला दुसरा आकडा मात्र व्यवस्थापनाने नीट वाचावा असा आहे. दुसऱ्या आठवड्यात ८० मिनिटे पूर्ण करणारे ५४.९ टक्के होते. बाराव्या आठवड्यात ते २३.२ टक्क्यांवर आले. हे लोक स्वखुशीने आलेले होते, ॲप फुकट होते. तरी चारात जेमतेम एकजण टिकला. घरी जाऊन, आपापल्या जोरावर व्यायाम करा, एवढे सांगून काम भागत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे दिसणे कठीण.

याच प्रश्नाची दुसरी बाजू डेन्मार्कमध्ये तपासली गेली. तीन रुग्णालयांतील अठरा विभागांमधून दोनशे महिला कर्मचारी निवडल्या. दोन्ही गटांना आठवड्यातून पाच वेळा, दर वेळी दहा मिनिटे, असा दहा आठवड्यांचा व्यायाम दिला. मुख्य फरक हा होता की एका गटाने तो कामाच्या वेळेत, सहकाऱ्यांसोबत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केला, आणि दुसऱ्याने फावल्या वेळात घरी एकटीने. रबरी पट्टे, हातात धरायची वजने अशी साधीच साधने होती. कामाच्या ठिकाणी व्यायाम करणाऱ्यांची पाठ-मान-खांद्याची दुखणी अधिक उतरली, वेदनाशामक गोळ्या कमी लागल्या, अंगात उत्साह वाढल्याचे त्यांनी सांगितले आणि आपल्या विभागातील माणसांशी असलेले नातेही घट्ट झाले. त्याच गटाला कामाचा वेग मात्र वाढल्यासारखा वाटला. साहजिकच आहे. दहा मिनिटे वॉर्डाबाहेर गेलेल्या सिस्टरचे काम त्या दहा मिनिटांत दुसऱ्या कोणी केले नसेल, तर ते परत आल्यावर तिच्याच वाट्याला येते. व्यायामाचा वेळ द्यायचा तर त्या वेळेपुरते माणूस द्यावे लागते.

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांना हा धडा जसाच्या तसा लागू पडतो. परिचारिका, आया, सफाई कामगार यांत स्त्रिया बहुसंख्य. बदलापूर किंवा विरारहून परळला सकाळपाळीला येणारी सिस्टर अंधारातच घराबाहेर पडते. निघण्याआधी डबे झालेले असतात. परतल्यावर मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक वाट पाहत असतो. या बाईने व्यायाम घरी करायचा तो कोणत्या वेळात? आपल्याकडे व्यायामाची परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे, पण तिचा मोठा भाग तालमीचा, म्हणजे पुरुषांचा. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो घराघरांत आणि शाळांत नेला, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर लावले. या दोन वारशांचा इथे थेट उपयोग आहे. सूर्यनमस्काराला एका सतरंजीएवढी जागा आणि दहा मिनिटे पुरतात, आणि शाळेत कधीतरी केलेला असल्याने बहुतेकांना तो नव्याने शिकवावा लागत नाही.

मात्र व्यायाम निवडताना कामाचे स्वरूप पाहावे लागते. ज्यांची कंबर आधीच दुखते त्यांना पहिल्याच आठवड्यात खाली वाकायला लावणे चूक. त्यांच्यासाठी पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणारे सावकाश व्यायाम आधी. फिजिओथेरपी विभाग बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असतोच. त्याचे ज्ञान रुग्णांपुरते ठेवण्याचे कारण नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये तासन्‌तास मान खाली घालून उभे राहणाऱ्यांना खांदे-मान मोकळे करणारे व्यायाम हवेत. मेडिकल रेकॉर्ड आणि केसपेपरच्या खिडकीवर दिवसभर बसून असणाऱ्यांना चालणे हवे. चालण्याचा वेग ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. गर्भवती कर्मचारी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेले यांनी आधी तपासणी करून घ्यावी. रुग्णालयात राहूनही स्वतःची तपासणी वर्षानुवर्षे पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत.

पाळीचे गणित सर्वांत नाजूक. शरीराचे घड्याळ व्यायामाने सरकते. सकाळी सातच्या सुमारास किंवा दुपारी एक ते चारमध्ये व्यायाम केला तर ते पुढे येते, म्हणजे रात्री झोप लवकर येते. संध्याकाळी सात ते दहामध्ये केला तर ते मागे जाते, असे २०१९ च्या एका प्रयोगात आढळले. इव्हिनिंग ड्यूटीच्या लोकांना सकाळ मोकळी असते, त्यांची सोय सहज होते. मॉर्निंगवाल्यांनी ड्यूटी संपताच दुपारी करावा म्हटले तर मुंबईत ते जमेल. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात बाहेर चालणे धोक्याचे, तिथे आतली हवेशीर खोली हवी. नाईटचा नियम वेगळा. रात्रभर जागल्यावर सकाळी व्यायाम करून मगच झोपू, असा उत्साह काहींना असतो. त्याने झोपेचाच वेळ कापला जातो, आणि सकाळचे प्रखर ऊन अंगावर घेतल्याने दिवसाची झोप आणखी पातळ होते. नाईटनंतर थेट घरी जाऊन झोपावे आणि दुपारनंतर उठल्यावर, पुढच्या नाईटला निघण्याआधी हालचाल करावी. सलग नाईटच्या आठवड्यात व्यायाम थोडा कमी झाला तरी चालेल. झोप आणि व्यायाम यांपैकी एकच शक्य असेल तेव्हा झोप निवडावी.

निवासी डॉक्टरांच्या बाबतीत ही निवड रोजचीच असते. सलग काम बारा तासांहून जास्त असू नये, असे केंद्राच्या निवासी योजनेने १९९२ मध्येच म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. ७४ तास ही मर्यादा म्हणून सुचवावी लागते, यावरून प्रत्यक्ष कामाचा अंदाज येतो. इमर्जन्सीची ड्यूटी संपवून, आणखी एक राउंड उरकून होस्टेलवर आलेल्या रेसिडेंटला ‘जिमला जा’ म्हणणे निरर्थक आहे. त्याला आधी साप्ताहिक सुट्टी हवी. ती मिळाली की होस्टेलच्या अंगणात क्रिकेट आणि बॅडमिंटन आपोआप सुरू होते. तरुण मुलांना त्यासाठी उपदेश लागत नाही.

जागेचा प्रश्न सुरक्षिततेशी बांधलेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा ती रात्रपाळीत विश्रांतीसाठी सभाकक्षात गेलेली होती. ज्या इमारतीत स्त्रियांना निर्धास्तपणे पाठ टेकता येत नाही, तिथे व्यायामाची खोली कोपऱ्यातल्या रिकाम्या गोदामात काढून चालणार नाही. ती वॉर्डांच्या जवळ, उजेडाची, आतून कडी असलेली, बाहेर पहारा असलेली हवी. कपडे बदलायला आणि हातपाय धुवायला सोय हवी. खर्च मोठा नाही.

थोड्या ठिकाणी असा व्यायाम टिकतो, तो टिकण्यामागे बहुतेक वेळा इन्चार्ज सिस्टर असते. ओव्हरच्या आधी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र घेऊन खांदे, मान, पाठ मोकळी करायची पद्धत तिने पाडली आणि स्वतः पहिल्या रांगेत उभी राहिली, की ती वॉर्डाची सवय होते. ती बदली होऊन गेली आणि मेट्रनच्या कार्यालयातून पाठबळ नसले, की सवय महिन्याभरात मोडते. म्हणून ही गोष्ट एकटीच्या उत्साहावर न सोडता ड्यूटीच्या तक्त्यात लिहायला हवी. दरवर्षी २१ जूनला योग दिनासाठी सभागृहात सतरंज्या पडतात. तो दिवस चांगला आहे, पण मनःस्थितीवर परिणाम होतो तो आठवड्यामागून आठवडे चाललेल्या व्यायामाचा. या उपक्रमांत चतुर्थश्रेणी कर्मचारी आणि कंत्राटी सफाई कामगार बहुधा गळतात. त्यांची हजेरी ठेकेदाराकडे लागते, दहा मिनिटे थांबले तर पगार कापला जाण्याची भीती असते. शवागारात, जैविक कचऱ्यात काम करणाऱ्या या माणसांच्या मनावरचा भार कोणापेक्षा कमी नाही. ठेक्याच्या अटींमध्येच त्यांचा हा वेळ धरला जावा.

आणि व्यायामाने न भागणारी वेळही ओळखता आली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, आवडत्या गोष्टींतही मन न लागणे, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार वाढणे, जगणे नकोसे वाटणे ही उपचारांची गरज असल्याची लक्षणे आहेत. डॉक्टर आणि परिचारिका यांना औषधे सहज मिळतात, म्हणून त्यांच्यात शेवटचे लक्षण कधीही हलके घेऊ नये. अनेकांना आपल्याच रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत जायला संकोच वाटतो; ओळखीचे चेहरे असतात, केसपेपर निघतो. अशांना बाहेरच्या डॉक्टरकडे पाठवण्याची गोपनीय सोय असावी. केंद्राची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. नैराश्य खोल असताना अंथरुणातून उठणेच अवघड असते. त्या काळात कोणी व्यायामाचा आग्रह धरला तर रुग्णाला आपण यातही कमी पडलो असे वाटते. आधी औषध आणि समुपदेशन. थोडी उभारी आली की, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, एखाद्या सहकाऱ्यासोबत रोज थोडे चालण्यापासून सुरुवात करता येते. उपचारांसाठी रजा घेतली असेल, तर परतल्यावर पहिले काही आठवडे नाईट लावू नये.